कागद अपुरा, कैद पुरी

१९४८ च्या मे महिन्यात लॉस एंजलिसच्या सुपीरियर कोर्टात कॅरिल चेसमन या तरुण आरोपीला ज्युरीने सतरा गुन्ह्यांत दोषी ठरवले. जबरी चोरी, अपहरण, बलात्काराचा प्रयत्न असे ते गुन्हे होते. खून त्यात नव्हता. पण लुटीसाठी अपहरण करून इजा केली तर त्या काळच्या कॅलिफोर्नियात मृत्युदंड देता येत असे, आणि तो त्याला झाला. आपली बाजू त्याने स्वतःच लढवली होती. मृत्युदंड झाला की तेथे अपील आपोआप वर जाते, आणि अपिलासाठी साक्षीपुराव्याची शब्दशः प्रत लागते. ती प्रत करणारा न्यायालयाचा लघुलेखक अर्नेस्ट पेरी निकालानंतर काही आठवड्यांतच वारला. एक तृतीयांशाच्या आसपास मजकूर टंकलिखित झाला होता. उरलेला सगळा त्याच्या हाताच्या लघुलिपीत अडकून पडला.

सरकारी वकिलाच्या पुढाकाराने दुसरा लघुलेखक नेमला गेला. हा स्टॅन्ली फ्रेझर लग्नसंबंधाने त्याच सरकारी वकिलाचा काका लागत होता. पेरीची अक्षरे जिथे लागली नाहीत तिथे फ्रेझरने सरकारी वकिलाला विचारले, खटल्यात साक्ष दिलेल्या दोन पोलिसांना विचारले. आरोपीला मात्र कोणी विचारले नाही. तो सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात फाशीकोठडीत होता. प्रत कायम करताना मला हजर ठेवा, ही त्याची विनंती नाकारली गेली. आणखी एक गंमत अशी की, दिवाणी दाव्यात लघुलेखक मेला तर नव्याने सुनावणी घेण्याची सोय कॅलिफोर्नियाच्या कायद्यात होती, फौजदारीत नव्हती. पैशाचा वाद असता तर कदाचित पुन्हा सुनावणी मिळाली असती. येथे फक्त जीव पणाला लागला होता.

पुढे नऊ वर्षे चेसमन या प्रतीच्या मुद्द्यावर भांडत राहिला. बंदीप्रत्यक्षीकरणाचा त्याचा अर्ज अनेकदा फेटाळला गेला, पण अखेर १९५७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती हार्लन यांनी लिहिले त्याचा आशय असा: हा माणूस गुन्हेगार आहे की नाही, हा आमच्यापुढचा प्रश्नच नाही, ज्या कागदावर त्याचे अपील तपासले गेले तो कागद त्याच्या गैरहजेरीत, त्याला बोलू न देता कायम केला गेला, आणि हे घटनेत बसत नाही. प्रत पुन्हा तपासली गेली. या खेपेस चेसमन हजर होता. पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, दुरुस्त प्रतीवर राज्याच्या न्यायालयाने तीच शिक्षा पुन्हा कायम केली, आणि २ मे १९६० रोजी त्याला गॅस चेंबरमध्ये नेण्यात आले.

हे पुस्तक चेसमनवर नाही. त्याच्यावर पुष्कळांनी लिहिले आहे आणि त्याने स्वतःही कमी लिहिले नाही. पण शिक्षा भोगणारा कैदी सुटकेची दाद मागायला जातो तेव्हा ज्या दस्तऐवजावर त्याची सारी भिस्त असते, तोच दस्तऐवज अर्धवट निघाला तर काय होते, हा प्रश्न त्याच्याइतक्या उघडपणे दुसऱ्या कोणाच्या प्रकरणात दिसत नाही. म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

मराठी वाचकाला, विशेषतः येथल्या वकिलाला, पहिली अडचण वेगळीच येईल. आपल्याकडे बंदीप्रत्यक्षीकरण म्हटले की डोळ्यांसमोर येते ती स्थानबद्धता: ‘एमपीडीए’खाली पोलीस आयुक्तांनी काढलेला आदेश, राष्ट्रीय सुरक्षा कायदा, नाहीतर बेपत्ता मुलीच्या बापाने उच्च न्यायालयात केलेला अर्ज. सक्षम न्यायालयाने खटला चालवून शिक्षा दिली की आपल्याकडे हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. पुढे अपील, पुनरीक्षण, फार तर दयेचा अर्ज. अमेरिकेत १८६७ च्या कायद्याने राज्यांच्या तुरुंगांतल्या कैद्यांनाही केंद्रीय न्यायालयांची वाट मोकळी झाली. राज्याच्या न्यायालयांतली सगळी अपिले हरल्यावरही कैदी केंद्रीय जिल्हा न्यायालयात जाऊन म्हणू शकतो, की माझा खटला राज्यघटना डावलून चालवला गेला, तेव्हा माझी कैद बेकायदा आहे. १९५३ च्या ब्राउन विरुद्ध ॲलन या निकालानंतर ही वाट चांगलीच रुंद झाली, आणि १९९६ नंतर ती पद्धतशीरपणे अरुंद केली गेली.

म्हणजे तेथे कित्येक वर्षांनी, दुसऱ्याच इमारतीत, खटला न पाहिलेला न्यायाधीश त्या खटल्याची तपासणी करतो. त्याच्यापुढे असतात ते फक्त कागद.

हे कागद जन्माला कसे येतात ते पाहिल्याशिवाय ते हरवतात कसे हे कळत नाही. आपल्या सत्र न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो आणि न्यायाधीश त्याच्या उत्तराचा आशय कथनाच्या रूपात उतरवून घेतात. उलटतपासात वकिलाने दहा प्रकारे डिवचले तरी निशाणी पडलेल्या जबानीत येते ते एवढेच: ‘असे म्हणणे खरे नाही की, मी घटनेच्या वेळी तेथे हजर नव्हतो.’ प्रश्न बहुधा गळून पडतो, उत्तराचा अर्क राहतो. पण जे राहते ते त्याच दिवशी कागदावर येते, साक्षीदाराची आणि न्यायाधीशांची सही होते, आणि रोजनाम्यासह बस्त्यात जाते. अपील दाखल झाले की उच्च न्यायालय ‘आर अँड पी’, म्हणजे खटल्याचा मूळ अभिलेख, मागवते, आणि सगळा बस्ता मुंबईला, नागपूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला रवाना होतो. त्यातही पाने गहाळ होतात, वाळवी लागते, कधी सबंध बस्ताच सापडत नाही. पण साक्ष नोंदवली गेली आणि ती वाचता येईल अशा अक्षरांत आहे, हे सहसा गृहीत धरता येते.

अमेरिकन पद्धत याच्या उलट. तेथे शब्द न् शब्द टिपला जातो: हरकती, अडखळणे, न्यायाधीशांनी ज्युरीला दिलेली समज, सगळे. लघुलेखक बावीस कळांच्या स्टेनोटाइप यंत्रावर एका वेळी अनेक कळा दाबून उच्चार उतरवतो. प्रत्येकाची संक्षेपांची सवय वेगळी, त्यामुळे एकाची टिपणे दुसऱ्याला सहज लागत नाहीत. पेरीच्या वेळी हात चालायचा, आता यंत्र चालते, अडचण तीच. आणि ही टिपणे म्हणजे प्रत नव्हे. कोणीतरी प्रत मागवली आणि पानामागे पैसे भरले तरच ती तयार होते. तेथे शंभरातल्या नव्वदाहून अधिक शिक्षा गुन्हा कबूल केल्यावर होतात. खटलाच चालत नाही, अपील क्वचित होते, म्हणून कबुलीच्या वेळी न्यायाधीशांनी आरोपीला काय विचारले आणि तो काय म्हणाला, हे टिपणातच राहते. ठरावीक वर्षे उलटली की नियमानुसार ती टिपणे नष्ट करता येतात.

चाललेल्या खटल्यातही भोके असतात. ज्युरी निवडताना झालेली प्रश्नोत्तरे अनेकदा टंकलिखित होत नाहीत. मग कृष्णवर्णीय उमेदवारांना सरकारी वकिलाने एकेक करून वगळले, हा आक्षेप सिद्ध करायचा कशावरून? वकील न्यायाधीशांच्या मंचाजवळ जाऊन हळू आवाजात बोलतात, ते यंत्रापर्यंत पोहोचतेच असे नाही. साक्षीदार नकाशावर बोट ठेवून सांगतो, ‘तो इथून निघाला आणि इथपर्यंत आला.’ प्रतीत ते वाक्य जसेच्या तसे आहे. नकाशा मात्र मुद्देमालाच्या कपाटातून कधीच गेला. त्या वाक्याचा उपयोग शून्य, आणि तरीही पानांची मोजदाद केली तर प्रत पूर्ण! २००५ मध्ये कतरिना वादळ आले तेव्हा न्यू ऑर्लिन्सच्या फौजदारी न्यायालयाच्या तळघरात ठेवलेला पुरावा पाण्याखाली गेला. असे संकट निदान डोळ्यांना दिसते. एरवीची गळती कोणाच्या लक्षातही येत नाही.

गरीब आरोपीला प्रत कोण देणार, हा वाद मोठा आहे आणि त्याचा पहिला टप्पा कैद्यांनी जिंकला. इलिनॉयमध्ये सशस्त्र लुटीत शिक्षा झालेल्या जडसन ग्रिफिन आणि जेम्स क्रेनशॉ यांनी, प्रतीला पैसे नाहीत म्हणून आमचे अपील अडले, अशी तक्रार केली. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याला सांगितले की फुकट प्रत द्या, नाहीतर तितकीच उपयोगी पडेल अशी दुसरी सोय करा. १९७१ च्या मेयर विरुद्ध शिकागो या प्रकरणात तर शिक्षा फक्त दंडाची होती, तरी हाच नियम लागू केला. पण १९७६ मध्ये मॅककोलम प्रकरणात पारडे फिरले. केंद्रीय कैद्याला अपिलानंतरच्या अर्जासाठी फुकट प्रत हवी असेल तर त्याचा अर्ज पोकळ नाही आणि मुद्द्याच्या निर्णयासाठी प्रत लागणारच, अशी न्यायाधीशांची आधी खात्री पटली पाहिजे, असे ठरले. म्हणजे प्रतीत काय आहे ते प्रत हातात नसताना सांगायचे. हा विनोद करणाऱ्यांना तो विनोद वाटला नसावा.

यानंतरचे दोन नियम नीट वाचावेत, कारण पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याभोवती फिरतो. राज्याच्या कैद्यांच्या अर्जांसाठी जे वेगळे नियम आहेत त्यांतला पाचवा नियम सांगतो की, उत्तर दाखल करताना राज्याने कोणत्या प्रती उपलब्ध आहेत, कोणत्या कधी मिळतील, कोणते कामकाज टिपले गेले पण टंकलिखित झाले नाही, हे लिहावे; आणि आपल्याला सुसंगत वाटतात ते भाग जोडावेत. ‘आपल्याला’ म्हणजे प्रतिवादीला, राज्याच्या महान्यायवादींच्या कार्यालयाला. कैद्याच्या विरोधात उभा असलेला पक्षच न्यायाधीशांनी कोणती पाने वाचायची त्याची पहिली निवड करतो. न्यायाधीश आणखी पाने मागवू शकतात, नाही असे नाही. पण हातात नसलेल्या पानात काही महत्त्वाचे आहे हे त्यांना कळायचे कसे? आणि प्रत मिळतच नसेल, तर पुराव्याचा कथनरूप सारांश चालेल, असेही हा नियम म्हणतो. सारांश कोण लिहिणार, हे सांगायला नको.

दुसरा नियम राज्याच्या कैद्यांच्या अशा अर्जांबद्दलच्या केंद्रीय कायद्यातल्या कलम २२५४ च्या एका पोटकलमात आहे. राज्याच्या न्यायालयाने काढलेल्या वस्तुस्थितीच्या निष्कर्षाला पुराव्याचा आधार नाही असे कैद्याचे म्हणणे असेल, तर अभिलेखाचा तो भाग त्याने हजर करायचा. गरिबीमुळे जमत नसेल तर राज्याने करायचा. आणि राज्यालाही जमत नसेल तर? तर त्या निष्कर्षाला किती वजन द्यायचे ते न्यायालय परिस्थिती पाहून ठरवील. कायदेमंडळाने येथे हात झटकले आहेत. शेजारच्याच पोटकलमात, राज्याच्या न्यायालयाचे निष्कर्ष बरोबर धरले जातील आणि ते खोडायला कैद्याने स्पष्ट व खात्रीलायक पुरावा द्यावा, असे लिहून ठेवले आहे. ज्या निष्कर्षाचा मूळ कागदच उरला नाही तोही बरोबर धरायचा का, याचे सरळ उत्तर कायद्यात नाही.

खालच्या केंद्रीय न्यायालयांनी आपापल्या परीने वाटा काढल्या. सहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले की जिल्हा न्यायालयाने खटल्याची प्रत पाहिली पाहिजे, आणि तिचा मोठा भाग त्याच्यापुढे आलाच नसेल तर प्रकरण परत पाठवावे. मेरीलँडच्या एका प्रकरणात राज्याने उत्तराला जोडलेली कागदपत्रे न्यायालयात दाखल केली, कैद्याला त्यांची प्रत दिलीच नाही. २००५ मध्ये चौथ्या सर्किटने हे चालणार नाही असे बजावले. दुसऱ्या पक्षाला प्रत द्या, ही वकिलीची पहिली इयत्ता. ती शिकवायला अपील न्यायालयापर्यंत जावे लागले, यावरून रोजचा व्यवहार कसा असेल याचा अंदाज करावा.

ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर सुमारे वर्षभराने, एप्रिल १९९६ मध्ये, दहशतवादविरोधी आणि परिणामकारक मृत्युदंड कायदा झाला. त्याने कैद्याला अर्जासाठी एका वर्षाची मुदत घातली. मुदत कागदावर साधी दिसते. कैद्याच्या बाजूने पाहा: बहुतेकांना या टप्प्यावर वकील नसतो. प्रत जुन्या वकिलाकडे असते आणि तो पत्राला उत्तर देत नाही. लिपिकाच्या कार्यालयाकडून पानामागे किती पडतील त्याचा तक्ता येतो. मध्येच कैद्याची बदली दुसऱ्या तुरुंगात होते आणि कागदांचे खोके मागे राहते. वर्ष चालूच असते. प्रत मिळाली नाही म्हणून मुदत थांबवा, ही विनंती सहसा मान्य होत नाही. प्रतीशिवायही अर्ज लिहिता येतो, असे उत्तर मिळते.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही येथेच मांडतो, कारण ते हलके नाही. १९९२ च्या पार्क विरुद्ध रेली या प्रकरणात केंटकीतल्या एका आरोपीने आपण पूर्वी दिलेल्या गुन्ह्याच्या कबुल्यांवर काही वर्षांनी हरकत घेतली. एका कबुलीच्या वेळची प्रत मिळत नव्हती. सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अंतिम झालेल्या निकालाला रीतसरपणाचे गृहीतक चिकटलेले असते. प्रत नाही एवढ्यावरून हक्क डावलले गेले असे मानता येणार नाही. न्यायमूर्ती ओ’कॉनर यांचे हे निकालपत्र मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला ते अर्धे पटते. टिपणे नष्ट होईपर्यंत गप्प बसायचे आणि मग प्रत आणा म्हणायचे, असा डाव कोणी खेळू शकतो. पीडितांनाही कधीतरी निकाल संपलेला हवा असतो. पण हे गृहीतक वेळेवर भांडणाऱ्यालाही तितक्याच जोराने लागू केले जाते, तेथे माझी सहमती संपते. चेसमन तर पहिल्या दिवसापासून भांडत होता.

अपुरेपणाचा दुसरा प्रकार अधिक अवघड आहे. पाने सगळी आहेत, पण ज्या पानांची गरज होती ती कधी लिहिलीच गेली नाहीत, कारण आरोपीच्या वकिलाने तो पुरावा शोधलाच नाही. २०११ च्या कलन विरुद्ध पिनहोल्स्टर या निकालाने सांगितले की, राज्याच्या न्यायालयाने ज्या मुद्द्यावर निर्णय दिला आहे तो मुद्दा तपासताना केंद्रीय न्यायालयाने त्या न्यायालयापुढे जो अभिलेख होता तेवढाच पाहायचा. २०२२ मध्ये ॲरिझोनाच्या बॅरी जोन्सच्या प्रकरणात हे टोकाला गेले. चार वर्षांच्या मुलीच्या मृत्यूबद्दल त्याला मृत्युदंड सुनावला गेला होता. वैद्यकीय पुरावा त्याच्या पहिल्या वकिलाने तपासला नाही, नंतरच्यानेही हा मुद्दा घेतला नाही. केंद्रीय जिल्हा न्यायालयाने सविस्तर सुनावणी घेऊन शिक्षा रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की तो नवा पुरावा पाहताच येत नाही. वकिलाची चूक ती कैद्याची चूक. पुढच्याच वर्षी राज्याशी तडजोड होऊन, कमी गुन्ह्याची कबुली देऊन जोन्स तुरुंगाबाहेर आला. पुरावा पाहायचा नाही असे न्यायालयाने सांगितल्यावर तो पाहिला कोणी, तर सरकारी पक्षाने.

या सगळ्याच्या शेजारी आपला स्थानबद्धतेचा कायदा ठेवून पाहावा. घटनेच्या कलम २२ च्या पाचव्या खंडाखाली आपल्या न्यायालयांनी उलटी रीत घालून दिली आहे. १९८० च्या इच्छूदेवी चोरारिया प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी स्पष्ट केले की, ज्या कागदांचा आधार घेऊन आदेश काढला ते सगळे स्थानबद्धाला मिळाले पाहिजेत आणि कैद कायदेशीर आहे हे दाखवण्याचे ओझे कैद करणाऱ्यावर आहे. पान गाळले, प्रत वाचता येत नाही, मराठी येत नसलेल्या माणसाला मराठी कागद भाषांतराशिवाय दिले, अशा कारणांवर मुंबई उच्च न्यायालयात आदेश रद्द होतात हे आपल्या वकिलांना ठाऊक आहे. एकाच नावाच्या अर्जात गहाळ पान भारतात कैद्याला सोडवते आणि अमेरिकेत त्याला अडकवते. कोणी म्हणेल, स्थानबद्धतेत खटलाच झालेला नसतो, म्हणून ही कडक शिस्त. बरोबर आहे. पण शिक्षेविरुद्धच्या अपिलातही आपले सर्वोच्च न्यायालय असाच विचार करताना दिसते. अभिलेख हरवला तर तो पुन्हा उभा करण्याचा प्रयत्न करा, ते शक्य नसेल तर फेरसुनावणीचा विचार करा, असे अभय राज सिंह प्रकरणात २००४ मध्ये सांगितले. आणि २०२३ च्या जितेंद्रकुमार रोडे प्रकरणात, खालच्या न्यायालयाचा अभिलेख नसताना उच्च न्यायालयाने कायम केलेली शिक्षा उचलून धरता येत नाही, असे ठरवले.

यावरून आपली व्यवस्था सरस आहे असे कोणी समजू नये. आपल्याकडे अपील ऐकायला निघेपर्यंतच शिक्षेची वर्षे सरतात. मुद्दा फक्त ओझ्याचा आहे. खटला राज्याने चालवला, लघुलेखक न्यायालयाने नेमला, टिपणे सरकारी कपाटात राहिली, नष्ट करण्याचा नियम सरकारी यंत्रणेने केला. या साखळीतली एकही कडी कैद्याच्या हातात नव्हती. वेळेत दाद मागणाऱ्याच्या बाबतीत हरवलेल्या पानाचा तोटा राज्याच्या खात्यावर पडला पाहिजे, असे माझे मत आहे, आणि पुढील प्रकरणे वाचून वाचकाचे मत वेगळे झाले तरी माझी तक्रार नाही.

एक सूचना. अमेरिकन निकालपत्रांत वस्तुस्थितीचा भाग इतक्या ठामपणे लिहिलेला असतो की तो प्रत्यक्ष पाहिल्यासारखा वाटतो. प्रत्येक प्रकरणात आधी तळटिपा पाहाव्यात: न्यायालयापुढे सबंध प्रत होती की निवडक पाने, ती कोणी दाखल केली, आणि कैद्याकडे त्यांची नक्कल होती का. पाचवा नियम आणि कलम २२५४ शेवटी परिशिष्टात मराठीत दिले आहेत; ते पहिल्या प्रकरणाआधी वाचून घ्यावेत.